जुन्या स्पीकरच्या पेटीवरचे व्हिनियर चिकटवूनही पुन्हा पुन्हा फुगते तेव्हा

तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. जुन्या स्पीकरच्या पेट्या हाती येतात, त्यांचे काळवंडलेले पॉलिश उतरवले जाते, वरच्या फळीच्या कोपऱ्यात सुटलेले व्हिनियर, म्हणजे फळीवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, गोंद घालून आणि वजन ठेवून बसवले जाते, नवे पॉलिश चढते, आणि तीन-चार आठवड्यांनी फडका फिरवताना त्याच जागी बोटांना पुन्हा उंचवटा लागतो. मग आणखी गोंद, आणखी वजन, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच फुगा. माझ्याकडच्या जोडीतील डाव्या पेटीने मला या फेऱ्यातून तीन वेळा फिरवले. दर खेपेस मी आधीच्यापेक्षा जहाल गोंद आणत होतो. तिसऱ्या खेपेस व्हिनियरचा तुकडा पूर्ण उचलून त्याची पाठ पाहिली, तेव्हा उमगले की गोंदाने आपले काम तिन्ही वेळा चोख केले होते. सुटत होती ती गोंदाखालची फळी.

साठ आणि सत्तरच्या दशकांतील घरगुती स्पीकरांच्या पेट्या अक्रोडाच्या किंवा सागाच्या दिसत असल्या, तरी त्यांतील पुष्कळशा पेट्यांचे अंग पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा रेझिनमध्ये मिसळून उष्णतेने आणि दाबाने घट्ट केलेल्या फळीचे असते, आणि खरे लाकूड म्हणजे त्यावर चिकटवलेले, बहुधा एक मिलिमीटरही जाड नसलेले व्हिनियर एवढेच असते. ओलाव्याशी वागण्याची या दोन थरांची रीत वेगळी आहे. व्हिनियर लाकडाच्या रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रेषेला आडवे मात्र हवेतील दमटपणानुसार फुगते आणि आकसते. पार्टिकल बोर्ड जाडीत फुगतो, आणि कारखान्यात दाबून बसवलेल्या चिपा एकदा पाणी पिऊन मोकळ्या झाल्या की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. म्हणून जिथे कधी काळी फुलदाणी पाझरली किंवा फरशी पुसताना तळाची कड भिजत राहिली, तिथे दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात. फळीला कायमची टेकडी आलेली असते, आणि फळीच्या वरच्या पापुद्र्यातील चिपांची आपसातली पकड गेलेली असते. त्या टेकडीवर व्हिनियर कितीही दाबले, तरी ते भुसभुशीत मातीवर फरशी बसवण्यासारखेच होते.

फुगा कधी आला आणि कुठे आला

गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न वेळेचा आहे. पॉलिशचा हात फिरल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच दिवशी व्हिनियर उठले, आणि थर वाळल्यावर ते थोडेसे पुन्हा खालीही बसले, तर संशय द्रावकावर घ्यावा. लॅकरमधील (लवकर वाळणाऱ्या पारदर्शक पॉलिशमधील) थिनर व्हिनियरच्या छिद्रांतून खाली झिरपतो आणि खाली रबरी काँटॅक्ट गोंद (दोन्ही बाजूंना लावून, थोडा सुकवून चिकटवायचा) असेल तर त्याला मऊ करतो. पहिला थर पातळ, फवारलेला आणि लवकर वाळणारा असेल तर काही होत नाही. ब्रशने भरपूर ओला थर दिला की फुगे येतात. याउलट फुगा आठवड्यांनी, हवा दमट झाल्यावर वर आला आणि हवा कोरडी झाल्यावर कमी झाला, तर त्या जागी गोंदच नाही किंवा गोंदाने काही धरलेलेच नाही, असे समजावे. व्हिनियर आडवे वाढते आणि जायला जागा नसल्याने वर उठते. तिसरा प्रकार उन्हाचा. पॉलिश लवकर सुकावे म्हणून पेटी उन्हात ठेवली तर व्हिनियर आधी आकसते, रेषेच्या बाजूने बारीक चिरते, आणि चिरेच्या दोन्ही कडा वर वळतात. हा फुगा नव्हे, पण अंगठ्याला लागतो तसाच.

दुसरा प्रश्न जागेचा. खोलीतील दिवा मालवून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी, म्हणजे सावलीत प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. मग नखाने टकटक करत सगळी फळी तपासावी. चिकटलेल्या जागी आवाज भरीव आणि बोथट येतो, सुटलेल्या जागी कागदी आणि पोकळ. पोकळ आवाजाची हद्द चिकटपट्टीचे तुकडे लावून आखून घ्यावी. बहुतेक वेळा ती डोळ्यांना दिसणाऱ्या फुग्याच्या दुप्पट निघते. दुरुस्तीनंतर फुगा जुन्या जागेच्या शेजारी उगवला, असे जे म्हटले जाते, त्याचे कारण बहुधा इतकेच असते की तो भाग आधीपासूनच सुटलेला होता आणि पहिल्या खेपेस गोंद तिथवर पोहोचलाच नव्हता.

या सुटलेल्या व्हिनियरचा आणखी एक उपद्रव असा, की ते खालच्या स्वरांना झर्र-झर्र करते. चाळीस ते दोनशे हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सलग सूर लावावा आणि संशयित जागेवर तळहात ठेवावा. आवाज थांबला तर बिघाड वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, नाही. मी स्वतः वूफर काढून त्याची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) घासते का हे पाहण्यात एक अख्खी सुटी घालवली आहे.

व्हिनियरची पाठ

सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी, आणि ती करायला लोक सर्वांत कचरतात, कारण तिच्यासाठी व्हिनियर कापावे लागते. कापण्याआधी वूफर आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि तारा कुठून कुठे जातात याचे छायाचित्र घ्यावे. जुन्या पेटीत भरलेले ग्लासवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क असावा. स्टील वूल तर स्पीकर घरात उघडे असताना वापरूच नये. त्याचे केसासारखे तुकडे चुंबकाकडे ओढले जाऊन कॉइलच्या फटीत शिरतात, आणि तिथून ते काढणे जवळपास अशक्य असते.

फुग्याच्या मधोमध, एखाद्या गडद रेषेच्या बाजूने, नव्या पात्याने थोडा तिरका छेद द्यावा. जुने व्हिनियर फार ठिसूळ वाटले तर त्यावर कोमट, ओलसर फडका मिनिटभरच टेकवावा, म्हणजे ते लवचिक होते. मग पातळ पट्टीने एक ओठ हळूच उचलून आत टॉर्चचा उजेड पाडावा. व्हिनियरच्या पाठीवर गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत थर दिसला आणि खालची फळी स्वच्छ असेल, तर गोंद सुटला आहे. पाठीवर काहीच नसेल आणि सगळा गोंद फळीवर असेल, तर व्हिनियर चिकटवताना ते धुळीचे किंवा तेलकट होते. सागासारख्या तेलकट लाकडाच्या बाबतीत हे विशेष घडते. आणि पाठीवर गोंदासह चिपांचा खरखरीत थर उचलून आला असेल, बोट फिरवताच त्यातून भुसा गळत असेल, तर फळी सुटली आहे. माझ्या डाव्या पेटीच्या तुकड्यावर असा तांबूस भुशाचा थर होता, आणि त्यात माझ्याच आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या गोंदाचे दोन पांढरे पापुद्रे, एकावर एक, प्रत्येकाच्या खाली थोड्या चिपा धरून बसलेले स्पष्ट दिसत होते.

इस्त्रीने फुगा बसवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो चुकीचा नाही, पण तो गोंदाच्या जातीवर अवलंबून आहे. पांढरा पीव्हीए गोंद उष्णतेने मऊ होतो, जुना सरसही उष्णता आणि ओल मिळाली की मऊ होतो, म्हणून त्यांवर मध्ये कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवावी आणि लगेच थंड, सपाट ठोकळ्याने दाबून धरावे, तर काम होते. कारखान्यात बहुधा वापरला जाणारा युरिया रेझिनचा गोंद मात्र एकदा पक्का झाला की उष्णतेने वितळत नाही. त्यावर इस्त्री फिरवून फक्त व्हिनियर कोरडे पडते, तात्पुरते आकसते, आणि काम झाल्याचा भास होतो. माझी दुसरी दुरुस्ती ही अशीच भासाची होती. दाबलेला खड्डा वर आणण्यासाठी ओला फडका ठेवून वाफ देण्याची युक्ती भरीव लाकडावर उत्तम चालते, पण व्हिनियर लावलेल्या पार्टिकल बोर्डावर तीच नवे फुगे जन्माला घालते.

दुरुस्ती

गोंदच सुटला असेल तर काम सोपे आहे, फक्त ते घाईने होऊ नये. छेदातून बारीक सँडपेपरची अरुंद पट्टी आत सरकवावी आणि जुना गोंद वरखाली खरवडून काढावा. नंतर फुंकणीने किंवा हवेच्या झोताने धूळ पूर्ण बाहेर काढावी. धूळ आत राहिली तर नवा गोंद तिलाच चिकटतो. व्हिनियर सागाचे किंवा शिसवीचे असेल, तर पाठ स्पिरिटने पुसून वाळू द्यावी. इंजेक्शनच्या सिरिंजने पीव्हीए गोंद फुग्याच्या दूरच्या कडेपर्यंत सोडावा, आणि बोटाने कडेकडून छेदाकडे दाबत जास्तीचा गोंद बाहेर आणावा, उलट दिशेने कधीही नाही. बाहेर आलेला गोंद जेमतेम ओलसर फडक्याने लगेच टिपावा, कारण तो रेषांत वाळला की तिथे पॉलिश धरत नाही आणि फिकट डाग कायम दिसतो.

बहुतेकांच्या हातून निसटणारी गोष्ट इथे येते. फुगा वर्षानुवर्षे उठलेला असेल तर व्हिनियर ताणून वाढलेले असते आणि सपाट झाल्यावर ते आपल्या मूळ जागेत मावत नाही. दाबल्यावर छेदाच्या दोन कडा एकमेकींवर चढतात, केसभरच, पण चढतात. तशाच दाबून ठेवल्या तर आज बसल्यासारख्या वाटतात आणि पहिल्या दमट दिवशी कमान पुन्हा उभी राहते. उपाय असा की गोंद भरण्याआधी कोरडेच दाबून पाहावे, कडा जिथे चढतात तिथे दोन्ही थरांतून एकदम, रेषेच्या दिशेने, नव्या पात्याने कापावे, आणि वरची व खालची अशा दोन्ही चिंधोट्या चिमट्याने काढून टाकाव्यात. माझ्या पेटीत निघालेली चिंधोटी शिवणाच्या दोऱ्याहून जाड नव्हती. तेवढ्यानेच कडा एकमेकींना भिडून सपाट बसल्या.

त्यानंतर छेदावर बटर पेपर, त्यावर हद्दीहून मोठा, सपाट लाकडी ठोकळा, आणि त्यावर वजन. बाजूच्या फळीसाठी वाकडेतिकडे क्लॅम्प लावण्याच्या खटपटीपेक्षा पेटी आडवी करून तीच फळी वर आणावी आणि दहा-पंधरा किलो वजन ठेवावे, हे मला अधिक भरवशाचे वाटते. चोवीस तास वजन हलवू नये. गोंदातील पाण्याने व्हिनियर थोडे फुगलेले असते, म्हणून निदान आठवडाभर सँडपेपर लावू नये. लगेच घासून सपाट केले तर पाणी निघून गेल्यावर तिथे खाच दिसते.

फळी सुटली असेल तर मात्र पीव्हीए गोंदाचा विचारच सोडावा. त्यातील पाणी आधीच भिजून मोकळ्या झालेल्या चिपांना आणखी फुगवते. भुसभुशीत भागावरचे व्हिनियर तीन बाजूंनी कापून पुस्तकाच्या पानासारखे उलगडावे, किंवा ते तडकणारच असेल तर सबंध उचलून क्रमांक घालून ठेवावे. सुटा भुसा ब्रशने काढावा, टेकडी झालेला भाग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या सँडपेपरने आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली उतरवावा, आणि मग पातळ, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचे रेझिन) फळी पीत राहील तोवर थोडे थोडे मुरवावे. हवेशीर जागा आणि हातमोजे इथे अनिवार्य आहेत. ते पक्के झाल्यावर जागा टणक लागते आणि नखाने खरवडली तरी चिप सुटत नाही. तसे झाले नसेल तर पुन्हा मुरवावे. इपॉक्सी मुरलेल्या फळीवर पीव्हीए नीट धरत नाही, म्हणून पृष्ठभाग थोडा खरखरीत करून व्हिनियरही इपॉक्सीनेच बसवावे, मात्र त्याचा थर अगदी बेताचा असावा. जास्त झाला तर तो व्हिनियरच्या छिद्रांतून वर येतो आणि त्या जागी पॉलिशचा रंग वेगळा दिसतो.

कड किंवा कोपरा इतका फुगला असेल की त्याचा आकारच गेला आहे, तर तो भाग पटाशीने काढून तिथे लाकडाचा तुकडा बसवणे आणि वर नवे व्हिनियर लावणे याला पर्याय नाही. संपूर्ण फळीचे व्हिनियर बदलायचे झाले तर मागे कागद किंवा दुसरा थर असलेले व्हिनियर घ्यावे. कच्चे, पाठ नसलेले व्हिनियर काँटॅक्ट गोंदाने लावून त्यावर लॅकर फवारणे ही नव्या फुग्यांची मी पाहिलेली सर्वांत खात्रीची कृती आहे.

बदल करताना ओढवून घेतलेले फुगे

पुष्कळदा व्हिनियर बाहेरून उठते, पण कारण आत असते. पेटीचा थरथराट कमी करण्यासाठी आतून आडवी पट्टी चिकटवताना पीव्हीए गोंद ओतला जातो आणि फळीची आतली उघडी, पॉलिश नसलेली बाजू ते पाणी पिते. फळी वाकते आणि बाहेरचे व्हिनियर त्या रेषेवर सुटते. अशा पट्टीसाठी गोंद पातळ पसरून लावावा. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीहून निदान पाच मिलिमीटर कमी असावी, आणि त्यासाठी आधी भोक पाडावे. पार्टिकल बोर्डात भोक न पाडता स्क्रू पिळला तर तो वाटेतल्या चिपा बाजूला ढकलत जातो आणि पृष्ठभागावर मोहरीएवढे उंचवटे येतात, ज्यांना लोक फुगे समजून गोंदाने भरत बसतात. मागे नवे टर्मिनल (तारा जोडण्याचे ठिकाण) बसवण्यासाठी कापलेल्या छिद्राची कड उघडी सोडू नये. कापलेली कड फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक ओल शोषते. तिला चपडीच्या (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या) पॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत, आणि वूफरच्या छिद्राच्या कडेलाही तेच करावे.

बंद पेट्यांच्या बाबतीत या छिद्रांकडे दुहेरी लक्ष द्यावे लागते. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ स्पीकरपासून पेटीत कोंडलेली हवाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरण्याची पद्धत रुजली, आणि त्या धर्तीच्या पेटीतून हवा गळू लागली तर खालचा आवाज पोकळ होतो. काम संपल्यावर वूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, सर्व बोटांनी समतोल दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी बंद आहे, झटकन परतला तर वूफरच्या कडेखालची गॅस्केटची पट्टी किंवा टर्मिनलची कड गळते आहे.

पॉलिश

जुने पॉलिश कोणत्या जातीचे आहे हे मागच्या बाजूस कापसाच्या बोळ्याने पाहावे. स्पिरिटने चिकट झाले तर चपडी, स्पिरिटने नाही पण थिनरने विरघळले तर लॅकर, दोन्हींना दाद दिली नाही तर तेल किंवा पीयू (पॉलियुरेथेन). उतरवण्यासाठी पाण्याने धुवावा लागणारा रिमूव्हर व्हिनियरवर वापरू नये, आणि मशीनचा सँडर तर नकोच. कडांवरचे व्हिनियर त्याच्या दोन फेऱ्यांत संपते. १८० पासून २२० पर्यंतचा सँडपेपर, ठोकळ्यावर, रेषेच्याच दिशेने, पुरेसा होतो.

दुरुस्त केलेल्या फळीवर पहिला हात मी नेहमी मेण काढलेल्या चपडीचा, अगदी पातळ, देतो. तो लवकर वाळतो, व्हिनियर आणि वरच्या थरातील द्रावक यांच्यामध्ये पडदा होतो, आणि फर्निचर चमकवण्याच्या सिलिकॉनयुक्त फवाऱ्यांनी वर्षानुवर्षे पुसलेल्या पेट्यांवर लॅकरला माशाच्या डोळ्यांसारखे जे गोल खड्डे पडतात, तेही बऱ्याच अंशी टळतात. त्यावर लॅकर द्यायचे झाले तर चार पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर. जवसाचे तेल पसंत असेल तर त्याचा फडका गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, कारण वाळताना तो स्वतःच तापून पेट घेऊ शकतो. तो मोकळ्या हवेत पसरून वाळवावा.

पॉलिशनंतर पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एकदा टॉर्च आडवी धरून पाहावे आणि नखाने टकटक करावी. पोकळ आवाज परतला तर तो नाण्याएवढा असतानाच उघडावा. माझ्या डाव्या पेटीत, मागच्या फळीच्या आतल्या बाजूस, मी पेन्सिलने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: कोणत्या कोपऱ्यात इपॉक्सी मुरवले, व्हिनियर कशाने बसवले, आणि वरचे पॉलिश कशात विरघळते. पुढे ती पेटी ज्याच्या हाती जाईल, त्याला निदान पाठ पाहण्यासाठी व्हिनियर कापावे लागणार नाही.